कॅमेरा घ्यायचाय? आधी वेरूळला जाऊन या

दिवाळीच्या सुट्टीची तिकिटं निघाली की घरात कॅमेऱ्याचा विषय निघतो. केरळला जायचं असो, काश्मीरला असो की लेकीकडे जर्मनीला, ‘या वेळी नुसत्या मोबाइलवर भागवायचं नाही’ असं कुणीतरी म्हणतं आणि चौकशा सुरू होतात. चौकशा कसल्या, तर आकड्यांच्या. मेगापिक्सेल किती, झूम किती पट, फोर-के आहे का. दुकानदारही तेच आकडे पुढे करतो, कारण गिऱ्हाईक तेच विचारतं. पण तुम्ही फोटो कशाचे काढणार, कुठल्या उजेडात काढणार आणि किती अंतरावरून काढणार, हे त्या आकड्यांमधून कळत नाही. कॅमेरा चांगला की वाईट हे बहुतेक वेळा या तीन गोष्टींवर ठरतं.

छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्यांना इथे एक मोठी सोय आहे. कॅमेऱ्याची कसून परीक्षा घ्यायची तर जे जे लागतं, ते सगळं शंभरेक किलोमीटरच्या परिसरात हजर आहे. अजिंठ्याचा अंधार, वेरूळच्या कैलासाचा अवाढव्यपणा, बीबी का मकबऱ्याचा डोळे दिपवणारा पांढरा रंग आणि पैठणला नाथसागरावर दूर पाण्यात उभे असलेले पक्षी. केरळातली देवळं, गुलमर्गचा बर्फ, युरोपातली चर्च, ताडोब्यातला वाघ, हे सगळे याच चार प्रश्नांचे अवतार. म्हणून माझा सल्ला असा की कॅमेरा दुकानातल्या ट्यूबलाइटखाली निवडू नका. एक-दोन दिवसांसाठी भाड्यानं घ्या, किंवा ज्याच्याकडे आहे अशा नातेवाइकाकडून मागून आणा, आणि या ठिकाणी जा. लग्नाचे फोटो काढणारे शहरात भरपूर आहेत आणि त्यांच्यासाठी कॅमेरे, लेन्सा भाड्यानं देणारेही आहेत. लग्नसराई नसताना भाड्यात घासाघीस करायलाही वाव असतो.

अंधाराची परीक्षा

सुरुवात अजिंठ्यापासून करू, कारण इथे सगळ्यात जास्त कॅमेरे नापास होतात.

अजिंठ्याच्या चित्रांपुढे भलेभले हतबल झालेले आहेत. १८१९ मध्ये जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्तानं या दरीत आला आणि लेणी बाहेरच्या जगाला कळली. १८४४ मध्ये मेजर रॉबर्ट गिल यांना चित्रांच्या नकला करायच्या कामावर नेमलं. आयुष्यातली पुढची अनेक वर्षं त्यांनी इथेच घालवली. त्यांनी रंगवलेले बहुतेक कॅनव्हास १८६६ मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाले. नंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या, तर त्यातल्याही कितीतरी १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीत गेल्या. गिल यांनी ब्रश बाजूला ठेवून कॅमेराही धरला होता. त्यांनी काढलेली अजिंठा-वेरूळची छायाचित्रं १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह पुस्तकात छापली गेली. त्या काळच्या काचेच्या प्लेटा आणि आपल्या हातातला मोबाइल यांच्यात दीडशे वर्षांचं अंतर असलं, तरी लेण्यातला अंधार तेवढाच आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बेनॉय बहल यांनी इथली जी गाजलेली छायाचित्रं घेतली, ती दिव्यांचा झोत न टाकता, मंद उजेडात शटर बराच वेळ उघडं ठेवून.

तेव्हा फ्लॅश हा उपाय नाही, हे आधी मान्य करून टाकू. तिथे त्याला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. लखलखाटानं रंगांचं नुकसान होतं. शिवाय ग्रिफिथ्स यांच्या काळात काही चित्रांवर व्हार्निश चढवलं गेलं, त्यामुळे फ्लॅश मारला तरी फोटोत पांढरा चट्टाच येतो. ट्रायपॉड विनापरवाना नेता येत नाही. १, २, १६, १७ या चित्रांच्या लेण्यांत एका वेळी ठरावीकच माणसं आत सोडतात, थांबायला वेळ थोडा मिळतो, आणि चित्रांपुढे कठडे आहेत. म्हणजे अंधार, धक्काबुक्की, घाई आणि अंतर, चारही अडचणी एकाच जागी. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीचा चेहरा ज्या कॅमेऱ्यात नीट उतरला, तो युरोपातल्या कुठल्याही चर्चमध्ये चालेल.

इथे उपयोगी पडतात त्या दोनच गोष्टी. सेन्सर केवढा आहे आणि लेन्स किती उघडते.

सेन्सर म्हणजे ज्याच्यावर प्रकाश पडून चित्र उमटतं तो तुकडा. बाजारातल्या स्वस्त, खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यांत तो साधारण ६ बाय ४.५ मिलिमीटरचा असतो, म्हणजे क्षेत्रफळ जेमतेम २८ चौरस मिलिमीटर. आजच्या महाग मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्यात ७० च्या आसपास. ‘एक इंची’ सेन्सरच्या चांगल्या कॉम्पॅक्टमध्ये ११६, ‘एपीएस-सी’ सेन्सरच्या मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या आणि लेन्स बदलता येणाऱ्या, कॅमेऱ्यात ३३० ते ३७०, आणि फुलफ्रेममध्ये ८६४. ही रांग एकदा डोळ्यांसमोर ठेवली की बाजारातला निम्मा गोंधळ संपतो. पंधरा-वीस हजारांचा छोटा कॅमेरा तुमच्या खिशातल्या मोबाइलपेक्षा लहान सेन्सरवर चालतो. त्यात मोबाइलसारखं गणिताचं डोकंही नसतं. अजिंठ्यात तो मोबाइलपुढे हरणार, हे न बघताही सांगता येतं.

लेन्सचं उघडणं ‘एफ’ या आकड्यानं मोजतात आणि आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडते. कॅमेऱ्याबरोबर डब्यात येणारी लेन्स, म्हणजे ‘किट लेन्स’, झूम केल्यावर एफ/५.६ किंवा ६.३ पर्यंत आकसते. पन्नास मिलिमीटरची एफ/१.८ लेन्स वेगळी घेतली, तर ती ५.६ च्या तुलनेत जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांच्या अशा लेन्सा आहेत आणि महागड्या लेन्सांच्या दुनियेत त्या बऱ्यापैकी स्वस्त पडतात. झूम होत नाही, पुढे-मागे आपणच व्हायचं. पण कठड्याबाहेरून पद्मपाणीचा चेहरा टिपायला तिचं अंतर अगदी बेतशीर पडतं. लोक दुसरी लेन्स म्हणून हटकून लांब झूम घेतात. मला वाटतं, ज्यांची सहल देवळं, राजवाडे आणि संध्याकाळची बाजारपेठ यांची आहे, त्यांनी तेच पैसे या लेन्सवर घालावेत.

मोबाइललाही त्याचं श्रेय दिलं पाहिजे. नाइट मोडमध्ये तो दोन-तीन सेकंदांत अनेक फोटो घेऊन त्यांचा एक करतो आणि भिंतीवरचं चित्र हलत नसल्यामुळे निकाल बरेचदा छान येतो. गडबड होते ती माणसांची. अंधाऱ्या गुंफेत नातवाचा हसतानाचा फोटो काढा, की चेहरा पुसल्यासारखा येतो. तुमच्या सहलीत माणसं जास्त आहेत की भिंती, यावर मोबाइल पुरेल की नाही हे ठरेल.

तिथे गेल्यावर काय करायचं ते थोडक्यात: कॅमेरा ‘ए’ किंवा ‘एव्ही’ मोडवर, अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं तोंड, सगळ्यात मोठं उघडलेलं, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) आपोआप पण कमाल ६४०० पर्यंत, शटरचा वेग साठांश सेकंदापेक्षा हळू होऊ द्यायचा नाही. कोपरं छातीला टेकवा, अर्धा श्वास सोडा आणि लागोपाठ तीन-चार फोटो घ्या, त्यातला एक स्थिर येतोच. खांबाला मात्र टेकू नका. तिथल्या खांबांवरही रंगकाम आहे. फोटोत थोडे दाणे दिसले तरी घाबरू नका. दाणेदार फोटो चालतो, हललेल्याचं काहीच करता येत नाही.

मोठ्या जागेची परीक्षा

वेरूळला प्रश्न उलटा. सोळाव्या लेण्याच्या, म्हणजे कैलासाच्या आवारात उजेड भरपूर आहे, पण मागे सरकायला जागा नाही. आवाराची लांबी सुमारे ८२ मीटर, रुंदी ४६, आणि मागच्या कड्याची उंची तीस मीटरच्या घरात. मधोमध राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, वरून खाली कोरत आणलेलं मंदिर. कडा आणि मंदिर यांच्यामधल्या जागेत उभं राहून वर पाहिलं की किट लेन्सची खरी लायकी कळते.

इथे एक बारकावा आहे, जो दुकानात क्वचितच कुणी सांगतं. मिररलेस कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या लेन्सवर ‘१६-५०’ किंवा ‘१८-४५’ असे आकडे असतात. दोन मिलिमीटरनं काय बिघडतं, असं वाटतं. पण सेन्सरच्या आकाराचा हिशेब धरला, तर निकॉन आणि सोनीची १६ पासून सुरू होणारी लेन्स जुन्या फिल्मच्या भाषेत २४ मिलिमीटर होते, आणि कॅननची १८ वाली २९. तुमच्या मोबाइलचा मुख्य कॅमेरा २४ च्या आसपास असतो. म्हणजे साठ-सत्तर हजारांचा नवा कॅमेरा घेऊन कैलासात उभं राहावं आणि मोबाइलमध्ये मावतं तेवढंही त्यात मावू नये, असं होऊ शकतं! मोबाइलच्या ‘पॉइंट फाइव्ह’वाल्या रुंद लेन्सची तर बातच वेगळी. त्यामुळे कॅमेरा घेतला तरी मोठ्या इमारती मोबाइलवर काढायला लाजू नका. तो इथे खरोखर जास्त कामाचा आहे.

रुंद लेन्सनं मात्र सरळ रेषा कलतात. दौलताबादच्या चाँदमिनारचा फोटो पायथ्याशी उभं राहून, मान वर करून काढला की दोनशे दहा फुटांचा मिनार मागे पडतोय असं वाटतं. मिनाराला मागे जायला जागा आहे, तेव्हा मागे जा. कैलासाला ती नाही. म्हणून बाजूच्या टेकडीवरून चढून वरच्या कड्यावर जा आणि तिथून खाली बघून फोटो घ्या. देऊळ एका दगडातून खाली उतरवलंय हे त्या एका जागेवरूनच फोटोत कळतं. पावसाळ्यानंतर कड्यालगत पाय जपून टाका, स्क्रीनकडे बघत मागे सरकू नका.

वेळही महत्त्वाची. वेरूळचा डोंगर पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी बहुतेक लेण्यांची तोंडं सावलीत असतात आणि दुपारनंतर ऊन आत येऊ लागतं. दहाव्या लेण्यात, ज्याला आपल्याकडे सुताराची झोपडी म्हणतात, मार्चमध्ये काही दिवस दुपारच्या शेवटी किरणं थेट बुद्धाच्या मूर्तीपर्यंत पोचतात. असा उजेड मिळाला तर साध्या मोबाइलचा फोटोही बघत राहावा असा येतो. कॅमेऱ्यावर दहा हजार जास्त घालण्यापेक्षा टॅक्सीवाल्याला दोन तास उशिरा बोलावणं कितीतरी वेळा फायद्याचं ठरतं.

पांढरा रंग आणि आपलं ऊन

बीबी का मकबरा घराजवळ आहे म्हणून आपण तिथे पाहुण्यांना घेऊन जातो आणि घाईनं परत येतो. कॅमेरा तपासायला मात्र तो फार उपयोगी. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं दृश्य सरासरी करड्या उजेडाचं आहे असं धरून चालतो. समोर सगळंच पांढरं आलं की तो घाबरून फोटो काळवंडवतो आणि मकबरा राखाडी दिसतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचं बटण अधिककडे थोडं, अर्धा-पाऊण स्टॉप, फिरवलं की पांढरा पांढरा होतो. गुलमर्गच्या बर्फात आणि कच्छच्या रणातही नेमकं हेच करायचं आहे. भर दुपारी मात्र सावध राहा. वरचा संगमरवरी घुमट उन्हात इतका चमकतो की अधिककडे नेल्यावर त्याचा नुसता पांढरा डाग उरतो.

आता आई-बाबांना कमानीच्या सावलीत उभं करा आणि मागे उन्हातला घुमट येऊ द्या. एकाच फोटोत गडद सावली आणि लखलखीत ऊन आलं, की बहुतेक कॅमेरे एकाला वाचवताना दुसऱ्याला घालवतात. इथे मोबाइल आपोआप तोल सांभाळतो आणि मोठा कॅमेरा रॉ फाइल देतो, जिच्यातून नंतर संगणकावर सावल्या उजळता येतात. संगणकावर बसायची तुमची तयारी आहे का, हा प्रश्न इथेच स्वतःला विचारा. नसेल, तर मोठ्या कॅमेऱ्याचे अर्धे पैसे वाया जातील.

मकबऱ्यात भर दुपारी आणखी एक गोष्ट ध्यानात येते. मागच्या स्क्रीनवर काहीच दिसत नाही. आजकाल अनेक छोट्या मिररलेस कॅमेऱ्यांना डोळा लावून बघायची खिडकी, म्हणजे व्ह्यूफाइंडर, नसते. निकॉन झेड३० ला नाही, सोनी झेडव्ही-ई१० ला नाही, कॅननच्या लोकप्रिय जी७एक्स मार्क ३ ला नाही. व्लॉग करणाऱ्यांसाठी ते बनवलेले आहेत आणि त्या कामाला उत्तमच आहेत. कॅनन आर५० किंवा निकॉन झेड५० मार्क २ यांना मात्र व्ह्यूफाइंडर आहे. मराठवाड्यातल्या, राजस्थानातल्या किंवा कोकण किनाऱ्यावरच्या उन्हात ज्याला फोटो काढायचे आहेत, त्यानं व्ह्यूफाइंडर नसलेला कॅमेरा घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. चष्मा असलेल्यांनी तर दुकानात डोळा लावूनच बघावं.

दूरचं जवळ

झूमच्या बाबतीत लोक सगळ्यात जास्त फसतात, म्हणून थोडा हिशेब करू. हिवाळ्यात नाथसागराच्या उथळ काठांवर रोहित पक्षी येतात. समजा, पक्षी तुमच्यापासून दोनशे मीटरवर आहे आणि त्याची उंची सव्वा-दीड मीटरच्या मध्ये. मोबाइलच्या मुख्य लेन्सच्या चौकटीत तेवढ्या अंतरावर दोनशे मीटर उंचीचं दृश्य मावतं. त्यात पक्षी म्हणजे एक गुलाबी ठिपका. ४०० मिलिमीटरच्या लेन्सनं तो चौकटीच्या दहाव्या भागाएवढा होतो. २००० मिलिमीटरनं अर्ध्या चौकटीएवढा.

इतकं लांब बघणारा कॅमेरा मिळतो. निकॉनचा पी९५० दोन हजार मिलिमीटरपर्यंत जातो, पी१००० तर तीन हजारपर्यंत. पण त्यांचा सेन्सर तोच, २८ चौरस मिलिमीटरचा. म्हणजे सकाळच्या स्वच्छ उन्हात पैठणला तुम्ही राजे, आणि अजिंठ्यात पूर्ण निरुपयोगी. शिवाय पाण्यावर दहा वाजल्यानंतर ऊन तापलं की हवाच थरथरते आणि कुठल्याही लेन्सनं काढलेला दूरचा पक्षी लोण्यासारखा विरघळलेला दिसतो. पक्ष्यांचा नाद असेल तर हे कॅमेरे जरूर घ्या. कौटुंबिक सहलीसाठी, ‘कधी लागलं तर’ म्हणून झूम घेऊ नका. ते कधी येत नाही आणि वजन मात्र रोज खांद्यावर असतं.

वजनाचं खरं मोजमाप दौलताबादच्या किल्ल्यावर होतं. ‘अंधेरी’ म्हणतात त्या काळोख्या भुयारातून, वटवाघळांच्या वासातून चाचपडत वर निघायचं आणि सातशेच्या वर पायऱ्या चढायच्या. झूम लेन्ससह जुना डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा, किलोच्या पुढे जातो. छोटा मिररलेस किट लेन्ससह अर्ध्या किलोच्या आसपास राहतो. वरच्या बारादरीपर्यंत कॅमेरा गळ्यातच राहिला तर तो तुमच्यासाठी आहे. मधल्या बुरुजावर तो बॅगेत गेला असेल, तर मनालीतही तो बॅगेतच राहील.

मेगापिक्सेलचं काय?

फारसं काही नाही. चार बाय सहा इंची प्रिंटला सव्वादोन मेगापिक्सेल पुरतात, ए-फोर आकाराला नऊ, आणि घरातला फोर-के टीव्ही सव्वाआठच दाखवू शकतो. आज विकल्या जाणाऱ्या कुठल्याही नामांकित कॅमेऱ्यात यापेक्षा जास्त असतात. कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये पहिला डिजिटल कॅमेरा जोडला, तेव्हा त्यात दहा हजार पिक्सेल होते आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायचे. तेव्हापासून ही शर्यत सुरू झाली आणि आपल्यापुरती ती केव्हाच संपली आहे.

या आकड्याचा आजचा उपयोग मुख्यतः फसवायला होतो. ऑनलाइन बाजारात पाच-आठ हजारांत ‘६४ मेगापिक्सेल, फोर-के’ असे अनोळखी नावांचे कॅमेरे दिसतात. आतला सेन्सर खेळण्यातला असतो आणि चित्र ताणून मोठं केलेलं असतं. मुलाच्या वाढदिवसाला ठीक, काश्मीरला नेऊ नका. कॉलेजातल्या मुलामुलींना सध्या वीस वर्षांपूर्वीचे जुने ‘डिजिकॅम’ हवे असतात, ते त्या कच्च्या, चमकत्या फ्लॅशच्या रंगासाठी. ती हौस वेगळी. घरात जुना पडला असेल तर द्या त्यांना, विकत मात्र आणू नका.

पैसे मोजण्याची वेळ

जगभरात २०१० साली बारा कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे कारखान्यांबाहेर पडले होते. २०२३ मध्ये तोच आकडा ऐंशी लाखांच्या आत आला. मोबाइलनं स्वस्त कॅमेरा गिळला. कंपन्यांनी त्या वर्गात नवं काही आणणं जवळपास थांबवलं आणि दुकानात जे उरलंय त्यातलं बरंच जुनं आहे. म्हणून आज मधला पर्याय फारसा नाही. चाळीस हजारांच्या आत नवा कॅमेरा घेण्यात मला अर्थ दिसत नाही. तेवढ्या पैशांत मोबाइलच चांगला घ्या.

त्याच्या वर गेलात, तर किट लेन्ससह मिररलेस साधारण साठ ते नव्वद हजारांत येतो आणि बहुतेक घरांसाठी तो योग्य. एक इंची सेन्सरचे कॉम्पॅक्ट कॅमेरे, सोनीची आरएक्स१०० मालिका किंवा कॅननचा जी७एक्स, खिशात मावतात आणि लेन्सही उजळ असते. लेन्स बदलण्याची कटकट ज्यांना नको, जे वयानं मोठे आहेत, ज्यांच्या खांद्याला आधीच पर्स आणि औषधांची पिशवी आहे, त्यांना हाच घ्या म्हणेन. दर मात्र मिररलेसच्या तोडीस तोड आहेत आणि माल नेहमी मिळत नाही.

वापरलेला डीएसएलआर हा काटकसरीचा शहाणा रस्ता आहे. नव्या मिररलेसकडे वळलेले फोटोग्राफर निकॉन डी५६०० किंवा कॅनन २००डी मार्क २ यांसारखे कॅमेरे निम्म्या किमतीत काढून टाकतात. घेताना शटर किती वेळा उडालं ते विचारा. लेन्सच्या एका टोकाला मोबाइलचा टॉर्च लावून दुसऱ्या टोकानं आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, आणि ती लेन्स फुकट दिली तरी घेऊ नका. पांढऱ्या भिंतीचा एफ/१६ वर फोटो काढा, काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. ती साफ करून मिळते, पण किंमत कमी करून घ्यायला उपयोगी पडते.

नवा घेताना जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर कॅमेऱ्याचा अनुक्रमांक लिहिलेला आहे ना ते बघा. ‘बिलाशिवाय आठ हजारांनी कमी’ असं कुणी म्हणालं, तर तो माल चोरवाटेनं आलेला असू शकतो आणि कंपनीची भारतातली वॉरंटी त्याला लागू नसते. शहरात निराला बाजारात, गुलमंडीत किंवा कॅनॉटला, कुठेही जा, पण डबा समोर उघडायला लावा. बॅग, छोटा ट्रायपॉड आणि फिल्टर यांचा ‘फुकट’ संच हा बहुधा कमअस्सल असतो. त्याऐवजी मूळ कंपनीची दुसरी बॅटरी मागा. मिररलेसची बॅटरी एका चार्जवर अडीचशे-चारशे फोटोंत संपते आणि अजिंठ्यात दुपारी दोन वाजता ती संपली, तर पुढच्या लेण्यांत तुम्ही नुसतेच प्रेक्षक. कार्ड नामांकित कंपनीचं, ६४ जीबीचं, व्ही३० खूण असलेलं पुरेल. त्यात सहा हजारांच्या आसपास जेपीईजी फोटो मावतात. मोठं एकच कार्ड घेण्यापेक्षा अशी दोन घ्या. विमानानं जाणार असाल तर सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानात ठेवाव्या लागतात, तपासणीच्या बॅगेत चालत नाहीत.

घरात जो सगळ्यात कमी तंत्रज्ञानप्रेमी आहे, त्याच्या किंवा तिच्या हातात दुकानातच कॅमेरा द्या. ‘माझा एक फोटो काढ’ म्हणा. ज्याला कॅमेरा कळतो तो माणूस सहलीच्या एकाही फोटोत नसतो, ही आपल्या घराघरांतली जुनी तक्रार आहे. आई किंवा वहिनी न विचारता फोटो काढू शकल्या, तरच तो कॅमेरा कुटुंबाचा.

खरेदी निघण्याच्या तीन आठवडे तरी आधी व्हावी. त्या काळात एक रविवार अजिंठ्याला द्या. फर्दापूरच्या फाट्यावर खासगी गाडी थांबते आणि पुढे बसनं जावं लागतं, तेव्हा सामान बेताचं ठेवा. माकडांसमोर पिशवीतून खाऊ काढू नका; पट्टा गळ्यात ठेवा, मनगटाला नाही. एप्रिल-मेमध्ये कॅमेरा उभ्या गाडीत विसरू नका आणि पावसाळ्यात घरी आल्यावर तो बॅगेत कोंडून ठेवू नका, बुरशी तिथेच धरते. अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी.

आणि सहल आठवड्यावर आली असेल, तर या वर्षी नवा कॅमेरा घेऊच नका. अनोळखी बटणं शिकण्याची जागा परगाव नव्हे. मोबाइलमधले जुने व्हिडिओ काढून जागा करा, लेन्सवरचे बोटांचे तेलकट ठसे सुती रुमालानं पुसा आणि निघा.